केपच्या किनाऱ्याची सहल: मे की दिवाळी?

पुण्यातल्या एका सहल कंपनीचा केप टाउनच्या आसपासचा ‘किनारी वन्यजीव’ कार्यक्रम मे आणि दिवाळी, दोन्ही सुट्ट्यांत निघतो. पत्रक एकच आणि छायाचित्रंही तीच. खरी चूक इथेच आहे.

सदर्न राइट देवमासे केप टाउनजवळच्या हर्मानस गावाच्या उपसागरात जूनच्या सुमारास यायला लागतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर भरपूर असतात आणि नोव्हेंबरअखेर परततात. मे महिन्यात पत्रकावरचा देवमासा दिसेल, ही आशा ठेवू नये. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे हंगाम ओसरत असेल. त्या वर्षी ऑक्टोबरची तारीख मागावी. ‘बोटीतून अगदी जवळून’ हे आश्वासनही तपासून घ्या. परवानाधारक बोटीला 50 मीटरपर्यंत जाता येतं, इतरांना 300 मीटर लांब राहावं लागतं. लाटा मोठ्या असतात, बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्यावी. हर्मानसला मात्र कड्यावरच्या पायवाटेवरूनही देवमासे उत्तम दिसतात, तेही फुकट.

लांगेबानच्या लगूनचा (समुद्राला जोडलेल्या उथळ खाजणाचा) अर्धा दिवस हा या कार्यक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि नेमका तोच वाया घालवलाय. भिगवणला जाणाऱ्यांना ओळखीचे लिटल स्टिंट, कर्ल्यू सँडपायपर हे चिखलात चरणारे छोटे पक्षी इथेही उत्तरेकडून येतात, पण सप्टेंबर ते एप्रिल. मेमध्ये बहुतेक गेलेले असतात. शिवाय पत्रकातली जेवणानंतरची ठरावीक वेळ इथे चालत नाही. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात. पाणी चढताना किंवा उतरताना गीलबेकच्या हाइडमध्ये (पक्षी बघायच्या आडोशात) बसायला हवं. लगूनच्या या आतल्या टोकाला भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, तेव्हा बंदराचं वेळापत्रक जसंच्या तसं धरू नये. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण कमी पडते, गटात एक तरी स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) हवा.

पेंग्विन बाराही महिने असतात, आणि मेमध्ये घरटी, पिल्लं दिसण्याची संधी चांगली. त्यांच्यासाठी मेची सहल वाईट नाही. बोल्डर्स या किनाऱ्यावर 1982 मध्ये दोन जोड्यांपासून वसाहत सुरू झाली. आफ्रिकन पेंग्विन 2024 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सार्डिन आणि अँचोवी कमी पडतात, हे मोठं कारण. अशा पक्ष्यासाठी पत्रकातली 45 मिनिटं फार थोडी. लाकडी पायवाटेवर सकाळी दार उघडताच पोहोचावं आणि दोन तास द्यावेत. चोच धारदार असते, हात पुढे करू नये. गाडी सुरू करण्याआधी खाली पेंग्विन नाही ना, हे वाकून बघणं चालकाच्या कामात धरलेलं असावं. हर्मानसच्या वाटेवर बेटीज बेला स्टोनी पॉइंट आहे: गर्दी कमी, पेंग्विनशेजारी पाणकावळ्यांची घरटी. पत्रकात ते नाही, आग्रहाने घालून घ्या.

राहणं, गाड्या, व्हिसाची कागदपत्रं यांत तक्रारीला जागा नाही. ऑक्टोबरच्या तुकडीला पाचपैकी साडेतीन, मेच्या तुकडीला दोन.