फीडली, गुगल ॲलर्ट आणि आमचा गुरुवारचा तास

सांगलीजवळच्या एका कृषी पदविका विद्यालयात मी पीकसंरक्षण शिकवते. शेवटच्या वर्षाची 38 पोरं, निम्मी तासगाव-कवठेमहांकाळची, बरीचशी पुढे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे उभी राहणार. त्यांना नवीन माहिती स्वतः गाठता यावी म्हणून गेली दोन वर्षं दर गुरुवारी फीडली आणि गुगल ॲलर्ट ही इंटरनेटवरचं नवीन लेखन आपल्यापर्यंत आणणारी दोन साधनं शिकवते आहे. त्या अनुभवावरून हे लिहिते.

याची गरज काय, असं विचारणाऱ्याला मी 2010 ची गोष्ट सांगते. सीसीसी, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी लिहोसिन, हे वेलीची वाढ आवरणारं रसायन द्राक्षात मर्यादेपेक्षा जास्त सापडलं म्हणून युरोपात आपला माल अडकला. निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच! यादीबाहेर काय चाललंय यावर कुणाची तरी नजर हवी होती.

फीडलीचं काम सोपं. ज्या संकेतस्थळांना आरएसएस फीड, म्हणजे नवीन मजकुराची आपोआप पुढे जाणारी यादी, आहे, त्यांचं नवीन लेखन एका जागी येतं. फुकट खात्यात 100 स्रोत आणि तीन कप्पे मिळतात. आम्ही कप्पे केले रोग-कीड, रेसिड्यू (म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश) आणि बाजार. शंभराची मर्यादा कमी पडली नाही, उलट घातच तिने केला. पहिल्या वर्षी पोरांनी हौसेने साठ-सत्तर स्रोत भरले. महिन्याभरात न वाचलेल्यांचा आकडा हजारावर गेला आणि ॲप कुणी उघडेना. आता माझा नियम आहे, बारा स्रोत. तेरावा घ्यायचा तर एक काढायचा. कुठला काढला आणि का, हे वहीत लिहायचं. त्या कारणांवरूनच मला कळतं कोण वाचतंय.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याला हवी असलेली सरकारी परिपत्रकं बऱ्याचदा पीडीएफमध्ये, कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेली असतात. फीडचा पत्ता नाही. तिथे फीडली काय करणार? त्यासाठी सोमवारी सकाळी पाच संकेतस्थळं हाताने उघडून बघायची, दुसरा इलाज नाही.

उरलेल्यासाठी गुगल ॲलर्ट. शब्द द्या, मेल येतो. मेल नको असेल तर त्याचं फीड करून फीडलीत टाकता येतं, आणि ही सोय मला सगळ्यात आवडली. पण शब्द नेमके लागतात. नुसतं इंग्रजीत ‘ग्रेप’ टाकलं तर निम्मा मजकूर परदेशी वाइनचा. ‘वाइन’च्या आधी वजाचं चिन्ह दिलं की तो गाळला जातो. एकाने शेवटचं ‘ई’ गाळलं आणि आठवडाभर त्याला दिल्लीच्या प्रदूषणाच्या बातम्या येत होत्या, कारण तिथल्या उपाययोजनेचं लघुनाव ‘ग्रॅप’. वर्गात तो अजून दिल्लीकर.

रेसिड्यूच्या कप्प्यासाठी मी सरावाला क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक देते. युरोपियन महासंघाने 2020 मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही आणि मालातल्या अंशाची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. ही बातमी मूळ जागेपर्यंत शोधत जायचं आणि तारीख लिहायची. तारखेचा आग्रह यासाठी, की यांच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डला ती कधीच नसते. मणेराजुरीच्या एका पोरीच्या वडिलांना डावणी या द्राक्षावरच्या रोगासाठी आलेला ‘ताजा सल्ला’ शोधून पाहिला तर तीन हंगामांपूर्वीचा निघाला. तेव्हापासून ते फवारणीआधी तिला फोन करतात.

इंग्रजीचा अडथळा आहेच. फीडलीचा पडदा इंग्रजीत, बहुतेक स्रोतही इंग्रजीत. ब्राउझरच्या भाषांतराने अर्थ लागतो, मात्र औषधाचं प्रमाण मूळ पानावरूनच घ्यायचं, अशी ताकीद मी फळ्यावर लिहून ठेवलीय.

फीडलीला पाचपैकी साडेतीन, गुगल ॲलर्टला तीन. पैसे भरून घ्यायची गरज आमच्या पोरांना तरी नाही.

मागच्या महिन्यात गेल्या बॅचच्या एकाचा फोन आला, आता तो जतला दुकानात आहे. मला वाटलं, काही नवीन सापडलं असेल. म्हणाला, “मॅडम, ते ॲलर्ट बंद कसं करायचं? मेल भरून वाहाय लागलाय.” बघितलं तर बातमी आली की लगेच कळवा, असं ठेवलेलं. आठवड्यातून एकदा करायला लावलं. बंद करू दिलं नाही.