२४ इंची, ७ गिअरची मुलांची सायकल: देणगी फेरीसाठी कितपत चालते?

लेक ओळखीपाळखीच्यांकडून किलोमीटरमागे देणगी कबूल करून घेते, २५ किलोमीटरच्या फेरीत नाव देते, म्हटल्यावर आईबापाची छाती फुगणारच. त्या भरात फेरीच्या आदल्या दिवशी नवी कोरी सायकल घरात येते आणि घोळ तिथेच होतो. सायकल तशी चांगली आहे, पण किमान तीन आठवडे आधी घ्या.

साधारण १२५ ते १४५ सेंमी उंचीला २४ इंची चाक बरोबर बसतं. सात गिअर बेताच्या चढाला पुरतात. खटकतं ते पुढचं सस्पेन्शन. दिसायला रुबाबदार, पण डांबरी रस्त्यावर उपयोग शून्य आणि वजन फुकटचं. अशी सायकल सहज १४-१५ किलो भरते, म्हणजे ३० किलोच्या मुलाच्या निम्मी! साधा, सस्पेन्शन नसलेला चिमटा (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) मिळत असेल तर डोळे झाकून तोच घ्या.

खरी परीक्षा जोडणीची; ते तीन आठवडे त्यासाठीच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; ते पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवून बसतं. पहिले चार-पाच वेढे हातानेच द्या. पान्याने रेटलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे गेलेच म्हणून समजा. चिमटाही उलटा बसलेला सापडतो: ब्रेक पुढच्या बाजूला दिसले पाहिजेत. क्रँकचे बोल्ट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. ढिले तसेच चालवले तर क्रँकचं चौकोनी भोक झिजतं, मग कितीही आवळा, कटकट थांबत नाही. गिअरची नवी केबलही आधी थोडी सैलावते. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरली, तर मागच्या गिअरपाशी केबलवरची गोल चकरी घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव वेढा फिरवा.

ब्रेकचा दांडा लहान बोटांना लांब पडतो. दांड्याच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की दांडा जवळ येतो. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत, पण टणक हवी. मऊ चाक खड्ड्यात रिंगेवर चेपतं आणि ट्यूबला जोडीने दोन भोकं पडतात.

फेरीचा नंबर हँडलला बांधताना प्लॅस्टिकची पट्टी केबलवरून आवळू नका. ब्रेक जड होतो आणि दोष सायकलला जातो.