टॉपवॉटर लूर: मार्च ते नोव्हेंबर वापरून काय ठेवलं, काय काढून टाकलं

आधीच सांगून टाकतो, नुसते भरपूर मासे हवे असतील तर टॉपवॉटरच्या नादी लागू नका. प्लास्टिकचा गांडूळ घ्या, तळाशी सोडा, हळूहळू ओढत बसा, दिवसभर काही ना काही लागत राहील. टॉपवॉटर म्हणजे पाण्यावर तरंगणारा लूर, म्हणजे खोटं आमिष, आणि तो घ्यायचा तो फक्त बास मासा वर येऊन त्याच्यावर तुटून पडतो ते डोळ्यांनी बघायला. एकदा बघितलं की बाकीच्या प्रकारात मन लागत नाही, माझं तेच झालंय, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा एकतर्फी आहे असं धरून चाला.

मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. मूळचा चिपळूणचा, गरवायला जायची सवय लहानपणापासूनच, पण ती वाशिष्ठीच्या काठावर कोळंबी लावून तंगूस हातात धरून बसायची. इथला लार्जमाऊथ बास वेगळंच प्रकरण आहे. गोड्या पाण्यातला, हिरवट अंगावर काळपट पट्टा, आणि जबडा असा की दोन पौंडाच्या माशाच्या तोंडातही माझा अंगठा आरामात जातो. हे सगळे लूर मी लुईसव्हिल लेक, रे रॉबर्ट्स लेक आणि घरामागच्या छोट्या तळ्यांवर वापरले, जमेल तेव्हा लेक फोर्कला. बहुतेक वेळा काठावरून, कधीतरी मित्राच्या कयाकमधून. मोठी बोट आणि पाण्याखालचे मासे दाखवणारं सोनार यंत्र असलेल्यांचं गणित वेगळं असणार.

सगळ्यात जास्त मासे कशावर आले तर पॉपरवर, आणि तोही सगळ्यात साधा, रेबेलचा पॉप-आर, अडीच इंच, पाव औंस, मागच्या ट्रेबलला, म्हणजे तिहेरी गळाला, पिसं लावलेली. तोंडाला खोलगट वाटी असते, टिचकी दिली की ती पाणी ढकलते आणि डुबुक असा आवाज होतो. बस्स, इतकंच. यूट्यूबवर बघून लोक तो धडाधड वाजवतात, पण छोट्या तळ्यात तसं केलं तर मासे पळतात हो. मी टाकतो, पाण्यावरची वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत हात लावत नाही, मग एकच हलकी टिचकी, पुन्हा थांबायचं. त्या थांबण्यात पिसं आपोआप हलत असतात आणि निम्म्याहून जास्त मासे तेव्हाच घेतात. मे-जूनमध्ये ब्लूगिल नावाचे छोटे मासे काठाजवळ अंडी घालतात, उथळ पाण्यात तळाला ताटाएवढे गोल खड्डे शेजारी शेजारी दिसतात, पोलराइज्ड गॉगल असेल तर स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येक खड्ड्यावर एक नर पहारा देत असतो. या खड्ड्यांच्या खोल बाजूला, अगदी कडेला, बास दबा धरून असतो. तिथून पॉपर नेला की ब्लूगिल आधी येऊन त्याला ढुशा मारतात, टुकटुक आवाज येतो, आणि मग अचानक सगळे ब्लूगिल बाजूला होतात. ते बाजूला झाले की रॉड नीट धरा, कारण पुढच्या दोन सेकंदांत काय ते होणार असतं.

दुसरा वॉकिंग बेट, म्हणजे सिगारसारखा लांबट, तोंडाला वाटी नाही, पाती नाही, काहीच नाही. हेडनचा स्पूक यातला सगळ्यात जुना आणि प्रसिद्ध. मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावात सुरू झालेली ही कंपनी, जेम्स हेडन नावाच्या माणसाने तळ्याकाठी बसल्या बसल्या लाकडाचा तुकडा तासून पाण्यात फेकला आणि बासने त्याच्यावर झडप घातली, अशी तिच्या सुरुवातीची गोष्ट सांगतात. आधी लाकडी झारागोसा होता, 1939 मध्ये प्लास्टिकचा झारा स्पूक आला आणि तोच नमुना अजून चालतोय. माझ्याकडे सुपर स्पूक ज्युनियर आहे, साडेतीन इंच, अर्धा औंस, बोन म्हणजे हाडासारख्या पांढुरक्या रंगाचा. हा पाण्यात डावीकडे-उजवीकडे नागमोडी जातो, पण आपोआप जात नाही, आपल्याला चालवावा लागतो. रॉडचं टोक खाली पाण्याकडे, मनगटाने छोटा झटका, आणि झटका देऊन झाल्या झाल्या लाईन सैल सोडायची. सैल सोडली नाही तर तो सरळ ओढला जातो. हे हाताला बसायला मला पूर्ण एप्रिल गेला आणि मनगट दुखलं ते वेगळंच, पण जमलं की मग बोलता बोलता हात चालत राहतो. मोठे मासे यावरच आले. पॉपर एका जागी खेळवता येतो, तर हा मोकळ्या पाण्यात दूरवर फेकून मासे शोधायला बरा, वारा थोडा असला तरी जातो.

एप्रिलअखेर आणि मेमधली सकाळ यासाठी राखून ठेवा. पाणी सत्तर डिग्री फॅरनहाइटच्या आसपास आलं की शॅड मासे अंडी घालायला रात्री काठाशी येतात, धरणाच्या भिंतीला जे दगड रचलेले असतात ना तिथे. उजाडायच्या आधी टॉर्च न लावता उभं राहिलं तर दगडांवर चांदीसारखी चुळबुळ दिसते, पाणी उकळल्यासारखं. स्पूक दगडांना समांतर टाकायचा, काठापासून दोन-तीन फुटांवर. बास शॅडना दगडांवर दाबून खात असतात आणि त्या धांदलीत स्पूकलाही सोडत नाहीत. सूर्य वर आला की अर्ध्या तासात सगळं बंद, जणू काही झालंच नव्हतं. म्हणून सहा वाजता निघून चालत नाही, सहाला तिथे असावं लागतं. एक सांगतो, लुईसव्हिलच्या दगडांवर झेब्रा शिंपले चिकटलेत, त्यांच्या धारेने लाईन कापली जाते, लीडर, म्हणजे लूरच्या पुढचा लाईनचा तुकडा, दर थोड्या वेळाने बोटांनी चाचपून बघा, खरखरीत लागला की कापून नवीन बांधा.

तिसरा व्हॉपर प्लॉपर. रिव्हर2सी कंपनीचा, लॅरी डालबर्गने डिझाइन केलेला, शेपटी फिरते आणि फडफड फडफड आवाज करत येतो. नवीन माणसाला मी हाच देतो, कारण काही शिकायचं नाही, टाका आणि सरळ रील फिरवा. आमच्या चिरंजीवांनी पहिला बास यावरच काढला आणि तेव्हापासून तो लूर त्यांचा झालाय, मला हात लावू देत नाहीत. नव्वद नंबरचा, साडेतीन इंची, काठावरून फिरणाऱ्याला पुरेसा. एकशेदहा आणि एकशेतीस वजनाने जास्त आहेत, त्यांना तसा जाड रॉड लागतो, नाहीतर फेकताना खांद्यावर ताण येतो. ऑक्टोबरमध्ये शॅडचे थवे ओढ्यांच्या तोंडाशी शिरतात तेव्हा हा खूप चालला, वाऱ्याने पाणी खडबडीत असताना तर पॉपरपेक्षा जास्त. सपाट शांत पाण्यात मात्र मला तो फार गोंगाटी वाटतो.

आता बेडूक. पोकळ मऊ रबराचा, दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड करून, त्यामुळे गवतात, कमळाच्या पानांवर, शेवाळाच्या गालिच्यावर कुठेही फेका, अडकत नाही. बूया पॅड क्रॅशर आणि स्प्रोचा ब्रॉन्झआय हे दोन लोकांच्या डब्यात दिसतात, दोन्ही चांगले. ब्रॉन्झआय डीन रोजस या प्रो अँगलरच्या नावाचा, अर्धा औंस. यात मजा सर्वात जास्त आणि हातून सुटणारे मासेही सर्वात जास्त, त्याला इलाज नाही. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि गवताच्या खालून मारताना त्याचा नेम चुकतो, कधी बेडूक फूटभर हवेत उडतो. पाणी फुटलं म्हणून लगेच हिसका दिला तर बेडूक आपल्याच तोंडाकडे येतो. लाईन ताणली गेलीये, वजन हाताला जाणवतंय, मगच हिसका, आणि तो मनापासून. मासा लागला की गवतात घुसायला बघतो, त्याला डोकं वळवू द्यायचं नाही. यासाठी पन्नास-पासष्ट पौंडाची ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन आणि सात फुटी हेवी रॉड लागतोच, तिथे काटकसर करू नका. वापरताना बेडकात पाणी शिरतं, दर थोड्या फेकींनी पोट दाबून पिचकारी मारून काढायचं. रबरी पाय लांब असतील तर कात्रीने थोडे कापा, एक जरा जास्त कापला की मोकळ्या पाण्यात चालवताना वळायला लागतो.

आणि हो, हाच बेडूक मी गेल्या खेपेला गावी भावाला दिला. तो मरळीवर वापरतो, तिकडे तळ्यात-धरणात मरळ गरवणारे आता बरेच जण रबरी बेडूकच लावतात. त्याचं म्हणणं मरळ बासपेक्षा जोरात हाणते. मी वाद घालत नाही.

लाईनबद्दल थोडं, कारण दुकानात कोणी सांगत नाही. फ्लुरोकार्बनची लाईन पाण्यात बुडते, ती पॉपरचं तोंड खाली ओढते आणि सगळा खेळ बिघडतो. मोनो, म्हणजे आपलं तंगूस, तरंगतं आणि थोडं ताणलं जातं, तो ताणच हिसका द्यायला घाई करणाऱ्याला वाचवतो. मी तीस पौंडाची ब्रेडेड आणि पुढे दोन-अडीच फूट मोनो लीडर लावतो. नुसती ब्रेडेड बांधली तर ती लुळी असल्यामुळे स्पूकच्या पुढच्या ट्रेबलला गुंडाळी मारते आणि मग चांगल्या जागेवरची अख्खी फेक वाया. ट्रेबलवाल्या लूरना मीडियम, जरा वाकणारा रॉड घ्या, कडक रॉडने गळ माशाच्या तोंडातून फाटून येतो.

रंगावर फार डोकं चालवू नका. मासा खालून बघतो, त्याला पोटच दिसतं. अंधुक उजेडात काळा, उजाडल्यावर पांढरा किंवा बोन. पाठीवर काढलेले खवले आणि डोळे हे माणसाला विकायला असतात.

आता नावडलेलं. एका वेबसाइटवरून टॉपवॉटरचा स्वस्त सेट मागवला होता, दिसायला अगदी प्रसिद्ध लूरसारखे. वॉकिंग बेट एका अंगावर झुकून तरंगत होता, प्लॉपरची शेपटी पहिल्याच आठवड्यात अडकायला लागली, आणि एका बऱ्या माशाने ट्रेबल चक्क सरळ केला. त्या सेटमधले फक्त डबे कामाला आले. आता गळाचं टोक नखावर घासून बघतो, घसरलं तर बदलतो, गळ लूरला जोडणारी कडी, म्हणजे स्प्लिट रिंग, उघडायची पक्कड दहा डॉलरच्या आत मिळते.

दुसरी कटकट ट्रेबलची स्वतःची. बास हवेत उडी मारून डोकं झटकतो, लूर सुटला तर थेट आपल्या दिशेने येतो, त्यामुळे पहाटेच्या अंधारातही साधा पारदर्शक चष्मा लावा. मासा हातात धरताना तीनपैकी मोकळे गळ कुठे आहेत ते आधी बघायचं, मगच अंगठा तोंडात. लहान मुलं बरोबर असतील तर गळाचे काटे पकडीने दाबून टाका, चार मासे कमी मिळतील, काही बिघडत नाही. आणि टेक्सासच्या काठावर फायर अँट्सच्या, म्हणजे डसणाऱ्या लाल मुंग्यांच्या, वारुळावर उभे राहू नका, सँडल घालून तर अजिबात नको, बाकी मी काही बोलत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये टॉपवॉटरचा खेळ सकाळचा तासभर आणि संध्याकाळचा तासभर, मधे ऊन आणि नव्वद डिग्री फॅरनहाइटच्या घरातलं पाणी, फक्त दाट सावलीत बेडूक थोडाफार चालतो. तेव्हा मासाही लवकर दमतो, फोटोसाठी पाण्याबाहेर धरून ठेवू नका. नोव्हेंबरअखेर पाणी साठच्या खाली गेलं आणि माझ्याकडून लूरनी रजा घेतली. घरी दरवेळी विचारतात, एवढ्या पहाटे जातोस तर मासे कुठायत. बहुतेक मी सोडूनच देतो. टेक्सासमध्ये साधारण नियम चौदा इंचांच्या वरचे पाच ठेवता येतात, पण फोर्कला सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो, आणि तसाच नियम पाळून त्या तलावाने टेक्सासचा विक्रम दिलाय, 1992 च्या जानेवारीतला 18.18 पौंडांचा. प्रत्येक तलावाचा नियम आधी वाचा, मोजपट्टी सोबत ठेवा.

नव्याने सुरू करणाऱ्याने एक पॉपर, एक नव्वदचा प्लॉपर घ्यावा, हे दोन्ही एकाच मीडियम रॉडवर चालतात. हात बसला की स्पूक. बेडूक आणि त्याचा हेवी रॉड सगळ्यात शेवटी, गवताळ पाणी जवळ असेल तरच. आधी नुसतं करून बघायचं असेल तर स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवायला टेक्सासमध्ये लायसन्स लागत नाही, फक्त पार्कची एन्ट्री, रे रॉबर्ट्सला मी सुरुवात तशीच केली. पुढे लायसन्स काढाल तेव्हा साध्या फ्रेशवॉटरवाल्याची मुदत 31 ऑगस्टला संपते, कधीही काढा, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी घाईने काढू नका, सप्टेंबर लागू द्या.