शेरूसाठी घरी आलेले डॉक्टर

शिवाजी पेठेतील आमच्या घरात १३ वर्षे वावरलेल्या शेरू या आमच्या कुत्र्याला आम्ही गेल्या महिन्यात निरोप दिला. त्या दिवशी घरी येऊन दयामरण देणाऱ्या, कोल्हापुरातीलच पशुवैद्यांच्या सेवेविषयी मुद्दाम लिहीत आहे, कारण अशा वेळी काय विचारावे हेच घरच्यांना सुचत नाही.

शेरूची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. दोन महिने कातडीखाली सलाइन देऊनही रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करीनाशी झाली की वाढणारा घटक) ५ च्या खाली येईना आणि रिक्षात उचलून ठेवतानाच तो कण्हू लागे. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत इंजेक्शनचा विषय काढलाच नाही. खाणे, आपले आपण उठणे आणि माणूस दिसल्यावर शेपूट हलवणे, एवढ्या तीन गोष्टींची रोज वहीत नोंद ठेवायला सांगितले. सलग चार दिवस वहीत केवळ शेपटीचीच खूण उरली, तेव्हा आम्हीच त्यांना फोन केला.

आल्यावर त्यांनी आबांना आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला समोर बसवून सगळे सांगितले: आधी गुंगीचे औषध, मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, त्याने श्वास आणि हृदय थांबते, डोळे उघडेच राहतात, नंतरही एखादा आचका येऊ शकतो, पण तेव्हा त्याला काही जाणवत नसते. हे आधी कळले नसते, तर तो आचका पोरीच्या मनातून कधीच गेला नसता.

रंकाळ्यावरून परतताना गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधात शेरूचा वाटा ठरलेला असे. आबांनी त्या सकाळीही ते आणले होते. त्याने दोनदा जीभ लावली आणि हनुवटी आबांच्या पावलावर टेकवली. डॉक्टर बॅग न उघडता खाली सतरंजीवर बसून राहिले. “आबा, तुम्ही म्हणाल तेव्हाच,” एवढेच ते म्हणाले. अर्ध्या तासाने आबांनी मान हलवली.

उणीव एकच, पण ती जाणवली. फोनवर सांगितलेल्या रकमेत घरी येण्याचा आकार धरलेला नव्हता आणि दफनाची सोय आपली आपल्यालाच करावी लागते, हेही ऐन वेळी कळले. पन्हाळा रस्त्याला मामांचे शेत आहे म्हणून निभावले. औषधाचा अंश शरीरात राहतो, त्यामुळे दुसऱ्या जनावरांनी उकरू नये इतका खोल खड्डा घ्या, असे डॉक्टरांनी निघताना बजावले होते. आम्ही कमरेइतका घेतला आणि वर दगड रचले. बोलावणाऱ्यांनी जागेची सोय आदल्या दिवशीच करून ठेवावी.