अडकलेली नळी आणि बदललेले सिलिंडर

जुने, परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला दिल्यावर काय घडू शकते, हे इतर परवानाधारकांना आधीच कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. प्रकरण सध्या ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे आणि शहराचे नाव देत नाही.

माझे रिव्हॉल्व्हर वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, मार्क ४, .३२ बोअरचे. एका वयोवृद्ध परवानाधारकाकडून मी ते रीतसर घेतले. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विक्रीचा इरादा लेखी कळवल्यावर ४५ दिवस थांबावे लागते, तेवढे थांबलो आणि परवान्यावर नोंद करून घेतली. त्या नोंदीसाठी क्रमांक लागत असल्याने सांगाडा, नळी आणि सिलिंडर (काडतुसे बसतात तो फिरता भाग) या तिन्ही भागांवरच्या क्रमांकांची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवली होती. तिन्हींवर एकच क्रमांक होता.

या जातीच्या रिव्हॉल्व्हरची नळी सांगाड्यात आट्यांनी बसवलेली नसते. नळी आणि सिलिंडरवरची पट्टी हा एकच अखंड भाग असतो. तो पुढे खाली बिजागरीवर फिरतो आणि मागे, घोड्याच्या पुढ्यात, एका कडीने सांगाड्याशी जखडला जातो. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की कडी सुटते, नळी पुढे झुकते आणि सहाही काडतुसे एकदम वर उचलली जातात. आमच्याकडे निवडणुकीच्या काळात परवान्यावरची शस्त्रे जमा करावी लागतात. २०२४ मध्ये लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या, मध्ये पावसाळा गेला, आणि हे शस्त्र बराच काळ चामड्याच्या म्यानात पडून राहिले. चामडे ओल धरते, हे शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. परत मिळाले तेव्हा कळ जेमतेम हलत होती आणि नळी मुळीच झुकत नव्हती. जमा करताना ते रिकामे होते. तरीही सिलिंडरच्या मागच्या फटीतून काडतुसांच्या कडा दिसतात का, हे उजेडात नीट पाहूनच मी ते दुकानात नेले.

दुकान परवानाधारक होते, आणि ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण ‘परवाना असलेल्या दुकानात फसवणूक होत नाही’ असा आपल्याकडे समज आहे. दुकानदाराने कळ एकदा दाबून पाहिली, नळीत विजेरी मारली आणि जराही वेळ न घालवता निदान सांगितले: नळी आतून खलास आहे, बिजागरीत जाम बसली आहे, आता बदलण्यावाचून गत्यंतर नाही. कानपूरच्या आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच धर्तीवर बनलेले असल्याने तिकडची नळी मागवून बसवून देतो, असे तो म्हणाला. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा आराखडा मार्क ४ वरून घेतलेला आहे, ही गोष्ट खरी आहे. खोट्याला खऱ्याचा टेकू दिला की ऐकणारा पुढचे प्रश्न विचारत नाही, हे त्या माणसाला चांगले माहीत असावे. ३८,००० रुपये ठरले आणि निम्मे आगाऊ घेतले. पावतीवर ‘एक रिव्हॉल्व्हर, दुरुस्तीसाठी’ एवढेच लिहिले होते. माझ्या आग्रहावरून परवाना क्रमांक आणि शस्त्राचा क्रमांक त्याने नाखुशीने घातला.

त्यानंतर ‘कानपूरहून माल निघाला आहे’ हे उत्तर आठवडेच्या आठवडे ऐकले. अखेर शस्त्र परत मिळाले ते काळेभोर, चकचकीत होऊन. नळी सहज झुकत होती. बिलावर ‘नवीन बॅरल, फिटिंग व पॉलिश’ असे होते. ‘माल तपासून घेतला’ या ओळीखाली सही मागितली, तेव्हा मी तिच्यापुढे ‘झाडून पाहिलेले नाही’ असे लिहून सही केली. दुकानदाराला ते रुचले नाही.

पोलीस दलातून निवृत्त झालेले एक आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, आमच्या परिचयाचे आहेत; त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी घरी येऊन, माझ्यासमोर, चष्मा कपाळावर चढवून ते शस्त्र दारातल्या उन्हात धरले आणि म्हणाले, “दादा, ही नळी नवी असेल, तर मीही पंचविशीतच म्हणायचा.” नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे इंग्लंडमधल्या शस्त्रचाचणी संस्थेचे, मुकुटाचे शिक्के घासटलेले पण स्पष्ट दिसत होते. कानपूरहून आलेल्या नळीवर बर्मिंगहॅमचा मुकुट कुठून येणार? क्रमांकही तोच होता, माझ्या छायाचित्रातला. नव्या काळ्या थराखाली गंजाचे जुने खळगे घासून बोथट केलेले होते. बिजागरीच्या खिळ्याच्या डोक्यावर पेचकस घसरल्याचे ताजे ओरखडे होते, आणि कडी बंद असताना मूठ धरून शस्त्र हलवले की नळी व सांगाडा यांच्यामध्ये बारीक टक् असा आवाज येत होता. काकांच्या मते मूळ दोष आळलेल्या तेलाचा होता: आधीच्या मालकाने खोबरेल वापरले असावे, ते वाळून चिकट झाले आणि त्यावर ओल बसली. रॉकेलमध्ये भिजवून सबुरीने सुटले असते, ते यांनी ठोकून सोडवले.

मात्र खरी चोरी नळीत नव्हतीच. काकांनी सिलिंडर फिरवता फिरवता थांबून मला छायाचित्र काढायला सांगितले. क्रमांक जिथे असायला हवा होता तिथे, तिरपे धरल्यावर, कानशीने घासल्याचा उथळ खळगा दिसत होता, आणि त्यावरून काळा रंग चढवलेला होता. सहापैकी दोन घरांची तोंडे गंजाने खाल्लेली होती. माझे सिलिंडर आतून स्वच्छ होते. म्हणजे नळीचे निमित्त करून शस्त्र महिनोन्‌महिने ठेवून घेतले, चांगले सिलिंडर काढले आणि दुसऱ्या कोणत्या तरी वेब्लीचे निकामी सिलिंडर माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवले.

यामागचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. वेब्लीने १९७९ मध्ये बंदुकांचे उत्पादन थांबवले, आणि आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे देशात आहेत तेवढ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांचे भाव चढत राहतात आणि एखादा सुटा भागही सोन्याच्या मोलाने जातो.

दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने आधी ‘सिलिंडर पहिल्यापासून असेच होते’ असे सांगितले. छायाचित्रे दाखवल्यावर ‘कारागिराने केले असेल’ म्हणाला आणि पैसे परत देऊ केले. पैसे घेऊन मिटवण्यासारखे हे प्रकरण नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक पुसणे हा गुन्हा आहे, आणि क्रमांक पुसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो पुसला असे, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा धरून चालतो. उद्या तपासणीत बोट माझ्याकडे दाखवले गेले असते. म्हणून सर्वांत आधी परवाना प्राधिकाऱ्याला (ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त) छायाचित्रांसह लेखी कळवले आणि त्या पत्राची पोच घेतली. नंतर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि ३१८ खाली, म्हणजे न्यासभंग आणि फसवणूक, अशी तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही; मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

शस्त्र दुरुस्तीला देणाऱ्याने दुकानाच्या परवान्यात दुरुस्तीची मुभा आहे का ते पाहावे, कारण विक्रीची असली म्हणून दुरुस्तीची असतेच असे नाही. प्रत्येक क्रमांकित भागाचे आणि प्रत्येक शिक्क्याचे छायाचित्र देण्यापूर्वी काढावे, आणि ते क्रमांक पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावेत. बदललेला जुना भाग परत मागावा. माझ्या बाबतीत ‘जुनी नळी भंगारात गेली’ हे उत्तर मिळाले, तेव्हाच पाणी कुठे मुरते आहे ते कळायला हवे होते. चकाकी आणण्याचे काम दुरुस्तीत फुकट देऊ केले, तर ते स्पष्ट नाकारावे. पॉलिशच्या चाकाखाली गंजाबरोबर क्रमांक आणि शिक्केही जातात, आणि मग तक्रारीला हाती काही उरत नाही. काकांच्या सल्ल्याने मी ते रिव्हॉल्व्हर एकदाही झाडलेले नाही. आयोगाने तज्ज्ञाकडून तपासणी मागवली आहे आणि परवाना शाखेने दुकानाची दुरुस्तीची नोंदवही ताब्यात घेतली आहे.