जुना ओसीएक्सओ: फील्डवरच्या १० मेगाहर्ट्झसाठी

हौशी रेडिओवाले वापरतात त्या क्यूओ-१०० उपग्रहाचं डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे येणारा सिग्नल) १०,४८९ मेगाहर्ट्झच्या वर आहे. तिथे रिसीव्हर ज्याच्या आधाराने फ्रिक्वेन्सी ठरवतो तो १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स जेमतेम १ हर्ट्झ हलला, तरी सिग्नल हजारेक हर्ट्झ सरकतो आणि एसएसबीवरचं (रेडिओवर आवाज पाठवायची एक पद्धत) बोलणं कळेनासं होतं. म्हणून टेलिकॉमच्या जुन्या सामानातून निघालेला ओसीएक्सओ, म्हणजे भट्टीत तापवून स्थिर ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर, घेतला. पैसे पुरेपूर वसूल!

आतल्या छोट्या भट्टीत क्रिस्टल ८० अंशांच्या आसपास राखलेला असतो. चालू करताच करंट भरपूर ओढतो. तो उतरून स्थिरावला, की त्यानंतरही अर्धा तास थांबावं. उघड्यावर वाऱ्याची झुळूक लागली तरी वॉटरफॉलवरची (वेळेनुसार सिग्नल दाखवणारा पडद्यावरचा आलेख) रेघ वाकायची. भोवती पातळ फोम लावला आणि रेघ सरळ झाली. जाड थर्मोकोल मात्र नकोच, कारण भट्टी फक्त तापवते, थंड करत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात बंद डबा उन्हात ठेवलात तर तापमानावरचा ताबाच सुटेल.

विक्रेत्याने डेटाशीट दिली नाही, हे खटकलं. आणि याला स्वतंत्र ५ व्होल्टचा रेग्युलेटर द्याच. व्होल्टेज हललं की फ्रिक्वेन्सीही हलते.