डायलिसिस सेंटरसमोरची मावशीची खानावळ, लातूर : ५ पैकी ४ स्टार, एक पायऱ्यांनी घालवला

आधीच सांगते, पनीर, चायनीज, बिर्याणी शोधत आला असाल तर हा रिव्ह्यू सोडून द्या, इथं तसलं काही मिळत नाही. पत्र्याचं शेड, सहा टेबलं, एक जुना फ्रिज अन एक मावशी, संपली खानावळ. नावाचा बोर्ड होता म्हणे, मागं वादळात उडाला तो परत लावलाच नाही, आता सगळे सेंटरसमोरची मावशी म्हणतात अन रिक्षावाले तेवढ्यावर बरोबर आणून सोडतात.

मी चार वर्षं झाली मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिसला येते, औशाच्या पुढून एसटीनं. बायकांना अर्धं तिकीट झालं मार्च २०२३ ला तेव्हापासून एसटीचं जरा हलकं झालंय. महात्मा फुले योजनेत माझं डायलिसिस फुकट होतं, पण येणं-जाणं, खाणं अन सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली रोजंदारी हे कुठल्याच कार्डात बसत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना थाळीचा रेट आधी बघावा लागतो. इथं थाळी ८० रुपये, दोन भाकरी, एक भाजी, वरण-भात. हाफ पण देतात ४५ ला अन हाफ मागितली म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही, मशीनवरून उतरल्यावर पूर्ण थाळी कुणाच्या बापाला जात नाही. चहा १०, पण त्याचं खाली लिहिते.

पहिल्यांदा गेले तेव्हा नवऱ्यासोबत गेले होते, नवीन नवीन डायलिसिस, गळ्यात कॅथेटर (डायलिसिसची नळी), वरून ओढणी, सगळे बघतायत असं वाटायचं. मी म्हणलं मावशी मीठ कमी पाहिजे. मावशी म्हणली, "अळणी खायला हॉटेलात कशाला आलीस गं, घरी उपास धरायचा की." मी रडले नाही पण डोळ्यात पाणी आलं, अन मला तर लघवीसुद्धा धड होत नव्हती तेव्हा, पाणी तेवढं डोळ्यातूनच निघायचं. शेजारच्या टेबलावरून एक मास्तर (रिटायर झेडपीचे, डायलिसिसला सात वर्षं जुने) म्हणले, मावशी ती आपल्यातली हाय. बस एवढंच. मावशीनं ताट उचलून नेलं अन दुसरं आणलं. त्या "आपल्यातली" वर मी आजपर्यंत तिथं जेवते खरं तर.

आता पाणी. कुठल्याही हॉटेलात बसलं की पोरगं आधी काय करतं, चार बोटं ग्लासात घालून पाणी आणून आपटतं. समोर गार पाणी, बाहेर ४२ डिग्री, अन तुम्हाला दिवसाला सगळं मिळून पाऊण लिटर, त्यात चहा, ताक, वरण, गोळ्यांसोबतचा घोट सगळं आलं. (माझं पाऊण आहे, प्रत्येकाचं वेगळं असतं, लघवी किती होते त्यावर डॉक्टर ठरवतात, माझं बघून करू नका.) आपल्याकडं घरी माणूस आलं की पहिला तांब्या पुढं करायचा, नको म्हणलं की समोरच्याला अपमान वाटतो, "आमच्या घरचं पाणी चालंना का" इथपर्यंत ऐकलंय मी सख्ख्या चुलतसासूकडून. मावशीकडं पोरगं टेबलाला येऊन विचारतं, "मशीनवाले का?" हो म्हणलं की अर्धं फुलपात्र पाणी येतं, ग्लास नाही, जग तर नाहीच. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा देते वाटीत, चघळत बसा, तहान पण भागते अन हिशोब पण राहतो. चहा पण तसाच, मशीनवाल्याला अर्धा कप, पैसे ५ च. हे मोठमोठ्या हॉस्पिटलच्या कँटीनला नाही सुचलं.

मास्तरांनी एकदा बसल्या बसल्या बिलाच्या मागं गणित करून दाखवलं. मशीनला मिनिटाला अर्धा लिटर पाणी लागतं, चार तास, म्हणजे एका माणसाच्या एका डायलिसिसला १२० लिटर, ते पण आरओचं शुद्ध. अन त्याच माणसाला प्यायला पाऊण लिटर. २०१६ ला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, पहिल्या गाडीला ५ लाख लिटर, तेव्हा मी धडधाकट होते, मावसबहिणीकडं लातूरात होते अन टँकरमागं घागर घेऊन पळत होते. कधी डोक्यात पण आलं नाही की त्याच दिवसात कुणीतरी खुर्चीवर झोपून या १२० लिटरची वाट बघत असेल. मास्तर म्हणले ५ लाख भागिले १२० किती होतं सांग, मी म्हणलं मास्तर भाकरी खाऊ द्या.

जेवणाबद्दल. ज्वारीची भाकरी एक नंबर, पातळ, गरम. पिठलं ठीक. वांग्याची भाजी चांगली पण तेल जास्त. सकाळी सुशीला मिळतो, चुरमुऱ्याचा, आमच्यासाठी बिनटोमॅटोचा अन शेंगदाणे जवळपास नाहीतच असा करून देते, चव जाते हो त्यानं, खोटं कशाला बोलू, पण पोट भरतं. ज्यांना काही बंधन नाही त्यांनी साधा मागवा, लिंबू पिळून, भारी असतो. बटाट्याची भाजी आमच्यासाठी वेगळी होते, साल काढून बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायची, मग दुसऱ्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम (किडनी बंद असली की रक्तात साठतं अन हृदयाला धोका करतं) बरंच उतरतं. हे मावशीला मास्तरांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलंय, ते फ्रिजच्या दारावर चिकटवलंय, तेलाचे डाग पडून अर्धं पुसलंय तरी तिला पाठ आहे. उकडलेली अंडी ठेवते, त्यातलं पांढरं आम्ही खातो, पिवळं काउंटरवरच्या पोराला. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रोटीन जास्त लागतं, आधी कमी करा म्हणायचे तेच डॉक्टर आता वाढवा म्हणतात, घरच्यांना हे पटवता पटवता माझं वर्ष गेलं, "काल तर नको म्हणलीस" म्हणून सासूबाई डाळीचं पातेलं झाकून ठेवायच्या.

मावशी चुकत नाही असं नाही. एकदा तिच्या मुलानं कमी सोडियमवालं मीठ आणून दिलं, तिला वाटलं आता यांना चव पण मिळेल, एवढ्या प्रेमानं सगळ्यांच्या वरणात घालणार होती. अहमदपूरची एक पोरगी सासऱ्यांना घेऊन येते, तिनं पाकीट उलटं करून वाचलं, पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे सोडियम काढून आमचं विषच घातलेलं. ते पाकीट मावशीनं उघडलं पण नाही. दुकानात किडनीवाल्यांनी घ्यायच्या आधी अशी पाकिटं वाचून बघा, सैंधव म्हणून देतात ते पण शेवटी मीठच असतं.

काढ्याचं प्रकरण सांगावं का नको विचार केला, पण रिव्ह्यू आहे तर खरं लिहायला पाहिजे. मागच्या वर्षी काउंटरवर एक कार्ड लावलं होतं, बंद किडनी परत चालू, मशीनपासून सुटका, वर फोन नंबर. कुणी माणूस येऊन महिन्याला थोडे पैसे देऊन लावून गेला होता, मावशीला वाचता बेताचंच येतं. निलंग्याकडचे एक अण्णा, आमच्याच शिफ्टचे, गप्प बसणारे, त्यांनी तो काढा आणला अन दोन डायलिसिस बुडवले. आम्हाला वाटलं गावाकडं काही कार्य असेल. चौथ्या रात्री झोपताच येईना, आडवं झालं की दम लागायचा, रात्रभर खाटेवर बसून काढली, पहाटे जीप करून आणलं तेव्हा अंगात पाणीच पाणी अन पोटॅशियम वाढलेलं. वाचले. पण त्या दिवशी खानावळीत जो आवाज झाला तो मी पहिल्यांदा ऐकला, मास्तर एवढे शांत पण टेबलावर हात आपटला. मावशीनं एक शब्द न बोलता कार्ड चुलीत घातलं. अण्णांना मात्र कुणी बोललं नाही, कारण खरं सांगू, आमच्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी असं काहीतरी करून बघितलेलं असतं, कुणी सांगतं कुणी सांगत नाही. मी पण सुरुवातीला २१ दिवस एका बाबाचं पाणी पिलेय, तेही पाऊण लिटरातलं वजा करून.

सर्व्हिसबद्दल अजून एक. मशीनवरून काढल्यावर सुया टोचलेल्या जागी दहा मिनिटं दाबून ठेवतात मग पट्टी लावतात. एका शनिवारी मी घाईत उतरले, बस पकडायची होती, खानावळीत भाकरी मोडायला हात उचलला अन पट्टीतून रक्ताची धारच लागली, टेबलावर, ताटात, शेजारच्या माणसाच्या धोतरावर. नवीन पोरगं वाढपी होतं ते तिथंच खाली बसलं, त्यालाच पाणी पाजावं लागलं. मी थिजले होते. रेणापूरची एक काकू, जिचं नाव मला तोपर्यंत माहीत पण नव्हतं, तिनं बरोबर भोकावर कापसाचा बोळा ठेवून दोन बोटांनी दाबून धरलं, म्हणली "गप बस, हलू नको, फडकं आवळून बांधू नको, बघ घड्याळ," अन पंधरा मिनिटं तशीच उभी, स्वतःचं जेवण गार. धोतरवाल्यांनी चिडायचं सोडून विचारलं फिस्तुला (डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या नसा जोडून करतात तो, त्या हातात घट्ट काही चालत नाही) किती दिवसाचा. ही काय तऱ्हा आहे सांगा, दुसऱ्या कुठल्या हॉटेलात माझं काय झालं असतं. एरवी एसटीत माझा डावा हात बघून लोक सरकून बसतात, नसा फुगून दोरखंडागत झाल्यात म्हणून. हळदीकुंकवाला त्या हातात बांगड्या का नाहीत ते दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, अन सांगून झालं की "पण दिसत तर नाहीस बाई आजारी" अन हातात दोन मोसंब्या ठेवतात. खानावळीत रेणापूरच्या काकूच्या पण एकाच हातात बांगड्या, तिच्या उजव्या, माझ्या पण उजव्या, दोघी हात टेबलावर ठेवून बसलो की चौघातलं कुणीतरी हसतंच.

येळवशीला (वेळा अमावस्येला, आमच्याकडचा शेतातला सण) बंद असते, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी लातूरात कर्फ्यू लागल्यागत असतं, सगळं गाव शेतात, पण मशीनला येळवस कळत नाही, वार आला की जावंच लागतं. गेल्या येळवशीला आम्ही पाचजण शिफ्टला, चार वाजता उतरलो तर चहाचा थेंब मिळेना. तेवढ्यात अहमदपूरच्या पोरीचा नवरा मोटरसायकलवर डबा घेऊन आला, अन मागोमाग मावशीचा मुलगा. "आईनं पाठीवलंय, तुमची वेगळी केलीया, पाणी काढूलाली व्हती सकाळपासून." भज्जी (येळवशीची मिसळ भाजी) होती, भाज्या उकळून पाणी फेकलेली, एकेकाला दोन दोन चमचे, बाजरीचे उंडे, अन आंबील प्रत्येकाला एका वाटीच्या तळाला पुरेल एवढी. बंद खानावळीच्या ओट्यावर बसून खाल्लं. आंबिलीचा तो घोट मी तोंडात धरून ठेवला किती वेळ, मास्तर म्हणले गिळ आता, पाऊण लिटरातच धरायचंय.

तक्रारी आता. पायऱ्या. तीन आहेत अन उंच, धरायला दांडा नाही. डायलिसिसनंतर बीपी खाली जाऊन पाय लटपटतात, संधिवातवाल्या बायकांना तर उतरताच येत नाही, आम्ही एकमेकीला धरून उतरतो. दोन वर्षं झाली सांगतोय, मावशी म्हणते बसवूलालेय की, अजून बसवूलालेयच. बाथरूम नाही, सेंटरमध्ये जाऊन यावं लागतं. टीव्हीचा आवाज लै मोठा. गुरुवारी मावशी बाजाराला जाते अन गल्ल्यावर भाचा असतो, त्याला अर्ध्या चहाचा हिशोब कळत नाही, १० च घेतो अन कप पण पूर्ण भरून देतो, भांडून बघितलं, उपयोग नाही. फोनपे चालतं पण रेंज नसते, सुटे ठेवा.

इन्सुलिन ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये डब्यात नाव लिहून ठेवते, पैसे घेत नाही, पण दाराच्या कप्प्यात ठेवा, वरच्या बर्फाच्या खणाला चिकटून एकाची पूर्ण पेन गोठून वाया गेली होती.

शनिवारी जेवणार असाल तर जास्त जपून, आमच्या शिफ्टला शनिवार ते मंगळवार मोठा गॅप पडतो अन त्यात रविवारी लग्नं असतात. दुपारी साडेचारनंतर कोपऱ्यातलं खिडकीजवळचं टेबल आमचं असतं, राखीव नाही काही, कुणी बसलं तर उठवत नाही, पण जरा सरकून बसा, डाव्या हाताला धक्का लागू देऊ नका.